थ्रेड कोणाचा, हे कोणाला विचारायचे?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले जिल्हा न्यायालय लिनक्सविषयीच्या लेखात कशाला, असे वाटेल. पण देशभरातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबंटू लिनक्स स्वीकारले. खटल्यांच्या तारखा, आदेश आणि पक्षकारांच्या नोंदी सांभाळणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली. नागपूरचे न्यायालयही याच व्यवस्थेत येते. परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये काम करणाऱ्यांना तर लिनक्सचे सर्व्हर रोजचेच. अशा यंत्रावर एखादा प्रोग्राम अडकून बसला, प्रोसेसर रिकामा आणि तरी काम पुढे सरकत नाही असे झाले, की एक जुना प्रश्न निघतो: हे यंत्र कोणती थ्रेडिंग लायब्ररी, म्हणजे एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे (थ्रेड) पुरवणारी लायब्ररी, वापरते? उत्तर काढायची रीतही ठरलेली आहे. ‘गेटकॉन्फ जीएनयू_लिबपीथ्रेड_व्हर्जन’ ही कमांड द्यायची. पडद्यावर ‘एनपीटीएल’ आणि पुढे 2.31 किंवा 2.35 असा एखादा आकडा येतो. बहुतेकांची चौकशी इथेच संपते. माझे म्हणणे असे की हे उत्तर खोटे नसले तरी ते यंत्राविषयी नसते, आणि अडकलेल्या प्रोग्रामविषयी तर नसतेच. थ्रेडिंग लायब्ररी ही यंत्राची नव्हे, चालू प्रोसेसची गोष्ट आहे. ती तशी आजच झालेली नाही. हा प्रश्न पहिल्यांदा निर्माण झाला तेव्हापासून ती तशीच आहे.

प्रश्न निर्माण होण्याचे कारण लिनक्सच्या पहिल्या थ्रेडिंग लायब्ररीत आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील झेव्हिए लरवा यांनी 1996 च्या सुमारास लिनक्सथ्रेड्स लिहिली. त्या वेळच्या कर्नलला थ्रेड म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. त्याला फक्त प्रोसेस कळत. एवढे मात्र होते की ‘क्लोन’ या सिस्टिम कॉलने स्मृती आणि उघड्या फाइली वाटून घेणारी नवी प्रोसेस तयार करता येई. लरवा यांनी तेवढ्यावर पॉझिक्स मानकातले थ्रेड उभे केले. मानकाशी मेळ जमेना तो कर्नलमुळे. प्रत्येक थ्रेडचा पीआयडी, म्हणजे प्रोसेस-क्रमांक, वेगळा, त्यामुळे एकाच प्रोग्रामच्या दोन थ्रेडनी ‘मी कोण’ असे विचारले तर दोन उत्तरे येत. संपूर्ण प्रोग्रामला म्हणून पाठवलेला सिग्नल ज्याचा पीआयडी दिला त्या एकाच थ्रेडला लागे. एका थ्रेडने आपली वापरकर्ता-ओळख बदलली तरी बाकीच्यांची जुनीच राही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हे साधे प्रकरण नव्हते. थ्रेड जन्माला घालायला आणि मेलेल्यांची आवराआवर करायला एक वेगळा व्यवस्थापक थ्रेड लागे. तोच कोणी मारला तर मागे सगळा सावळागोंधळ. सुरुवातीच्या आवृत्त्या तर आपसातल्या निरोपांसाठी प्रोग्रामरच्या वाट्याचे दोन सिग्नलही स्वतःकडे घेत. ‘पीएस’ केले की एकच जावा प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींत दिसायचा, आणि स्मृतीचा आकडा प्रत्येक ओळीत तोच असल्याने यंत्राची स्मृती आता संपलीच असा नवख्यांचा समज व्हायचा. तरीही लरवा यांचे काम कमी लेखण्याचे कारण नाही. कर्नलची मदत जवळजवळ नसताना त्यांनी कित्येक वर्षे लिनक्सवर थ्रेड चालवून दाखवले.

नव्या शतकाच्या सुरुवातीला ही लायब्ररी बदलायची हे ठरल्यासारखेच होते. वाद होता तो कशाने बदलायची याचा. आयबीएमच्या पुढाकाराने एनजीपीटी हा प्रकल्प चालू होता. त्याची रचना अशी, की प्रोग्रामचे अनेक थ्रेड कर्नलच्या थोड्या थ्रेडवर लायब्ररीनेच वाटून द्यायचे. कर्नलचे थ्रेड महाग, म्हणून ते कमी वापरावेत, हा त्यामागचा हिशेब. रेड हॅटमधील उलरिच ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी तो हिशेबच अमान्य केला. त्यांचे म्हणणे, कर्नलचे थ्रेड महाग असतील तर ते स्वस्त करा. दोन ठिकाणी दोन वाटपकार बसवून गुंता वाढवू नका. 2002 मध्ये त्यांनी एनपीटीएल पुढे आणली. तिच्यात प्रोग्रामचा एक थ्रेड म्हणजे कर्नलचा एक थ्रेड. तिच्या पाठीशी कर्नलमध्ये ‘फ्युटेक्स’ आले: कुलपासाठी झटापट नसेल तर कर्नलकडे जायचेच नाही, झटापट झाली तरच जायचे. एका प्रोग्रामच्या सगळ्या थ्रेडचा गट कर्नल ओळखू लागला, सगळ्यांना मिळून एकच पीआयडी मिळाला, व्यवस्थापक थ्रेड गेला. त्या काळी गाजलेली चाचणी म्हणजे बत्तीस-बिटांच्या यंत्रावर एक लाख थ्रेड सुरू करून संपवणे. जुन्या कर्नलवर त्याला सुमारे पंधरा मिनिटे लागत, नव्या जुळणीवर दोन सेकंद. एवढ्या फरकापुढे एनजीपीटी टिकणे शक्य नव्हते आणि 2003 मध्ये तिचे काम थांबले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरी मजा इथून पुढे आहे. 31 मार्च 2003 रोजी रेड हॅट लिनक्स 9 एनपीटीएल घेऊन आले, पण त्याचे कर्नल 2.4.20 होते, नव्या थ्रेडसाठी लागणारे बदल त्यात मागून बसवले होते. अधिकृत 2.6 कर्नल आले ते त्या वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे कर्नलचा आकडा पाहून लायब्ररी ओळखावी, तर ते पहिल्या दिवसापासूनच चुकत होते. त्यातच जुने प्रोग्राम नव्या लायब्ररीवर अडखळत, म्हणून त्या काळच्या वितरणांत दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत: नवी ‘टीएलएस’ नावाच्या उपनिर्देशिकेत आणि जुनी बाहेर. कोणती उचलायची हे प्रोग्राम सुरू होताना डायनॅमिक लोडर ठरवी, आणि ‘एलडी_अझ्यूम_कर्नल’ या पर्यावरण-चलात 2.4.1 किंवा 2.2.5 लिहिले की तो मुकाट्याने जुनी उचले. एकाच यंत्रावर, एकाच क्षणी, एक प्रोग्राम एनपीटीएलवर आणि दुसरा लिनक्सथ्रेड्सवर चालू शकत होता, नव्हे चालतच होता. आणि ‘गेटकॉन्फ’? ते चल बसवून कमांड दिली तर ‘लिनक्सथ्रेड्स-0.10’ असे उत्तर येई, चल काढले की त्याच यंत्रावर ‘एनपीटीएल’. यंत्र बदलले नव्हते, कर्नल बदलले नव्हते, ‘गेटकॉन्फ’ची फाइलही तीच होती. बदलली होती ती फक्त त्या क्षणी त्या प्रोसेसला जोडलेली लायब्ररी.

याचे कारण कमांडच्या रचनेतच आहे. ‘गेटकॉन्फ’ काही यंत्राची झडती घेत नाही. तो एक छोटा प्रोग्राम आहे. आपल्याला जोडलेल्या सी लायब्ररीतल्या ‘कॉन्फस्ट्र’ या फंक्शनला तो विचारतो आणि लायब्ररी बांधताना तिच्यात कोरून ठेवलेली अक्षरे छापून मोकळा होतो. उत्तर ‘गेटकॉन्फ’चे स्वतःचे असते. ते अडकलेल्या प्रोग्रामलाही लागू पडेल असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा ते गृहीत निभावते, कारण दोघेही एकाच ठिकाणची लायब्ररी उचलतात. निभावणे आणि सिद्ध होणे यांत मात्र अंतर आहे. 2006 च्या मार्चमध्ये ग्लिबसीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या, 2.4 आवृत्तीने लिनक्सथ्रेड्स काढून टाकली, तेव्हा हे अंतर अनेकांना महागात पडले. ओरॅकल 10जीच्या क्लस्टर मांडणीतील व्हीआयपीसीए आणि एसआरव्हीसीटीएल या स्क्रिप्टांत ‘एलडी_अझ्यूम_कर्नल’ची ओळ आधीच लिहून ठेवलेली होती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 5 वर त्या चालवल्या की लोडर जुनी सी लायब्ररी शोधे, ती सापडत नसे, आणि साध्यातली साधी कमांडही ‘लायब्ररी उघडता येत नाही’ म्हणून कोसळे. बाहेरच्या टर्मिनलवर ‘गेटकॉन्फ’ला विचारले तर सगळे ठीक. इलाज म्हणजे स्क्रिप्टमधली ती ओळ हाताने काढणे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही सगळी वीस वर्षांपूर्वीची कथा, आज ग्लिबसीवर चालणाऱ्या कोणत्याही नेहमीच्या वितरणात एनपीटीएलच असणार, मग विचारायचेच कशाला? नावापुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नावाचा निकाल 2006 मध्येच लागला. पण ‘गेटकॉन्फ’च्या उत्तराचा दुसरा भाग, तो आकडा, मेलेला नाही. सुरुवातीला एनपीटीएलला स्वतःचे आकडे होते, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 3 वर 0.60 असे काही दिसे. पुढे ग्लिबसीचा आकडा तोच तिचाही झाला. आणि त्या आकड्यांच्या आड नाव न बदलता लायब्ररी दोनदा तरी मोठ्या प्रमाणात बदलली. फेब्रुवारी 2017 मध्ये आलेल्या 2.25 आवृत्तीत कंडिशन व्हेरिएबलची, म्हणजे एका थ्रेडने दुसऱ्याची वाट पाहण्याच्या यंत्रणेची, रचना नव्याने लिहिली गेली. (त्या वर्षीच्या 2.25 आणि 2.26 या दोन्ही आवृत्त्यांच्या प्रकाशनाची जबाबदारी सिद्धेश पोयरेकर यांनी सांभाळली होती. ग्लिबसी म्हणजे दूरदेशीच्या कोणाची तरी वस्तू, असे समजणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे नाव सांगावे.) नव्या रचनेत एक बारीक दोष राहून गेला. अगदी क्वचित जुळून येणाऱ्या घटनाक्रमात ‘जागा हो’ हा निरोप हरवतो आणि वाट पाहणारा थ्रेड कायमचा झोपून राहतो. 2020 मध्ये तो 25847 या क्रमांकाने नोंदवला गेला, आणि त्याची दुरुस्ती 2.41 आवृत्तीत, जानेवारी 2025 मध्ये आली. ओकॅमल भाषेच्या रनटाइमला मधल्या काळात त्याला वळसा घालावा लागला. ओकॅमलचे एक प्रमुख कर्ते कोण, तर लिनक्सथ्रेड्स लिहिणारे तेच झेव्हिए लरवा. प्रोसेसर रिकामा आणि काम अडलेले, हे लक्षण आता पुन्हा वाचावे. तेव्हा ‘एनपीटीएल आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या काळातली एनपीटीएल, हे कळावे लागते.

दुसरा मोठा बदल ऑगस्ट 2021 मधल्या 2.34 आवृत्तीचा. तोवर थ्रेडची लायब्ररी ‘लिबपीथ्रेड’ या वेगळ्या फाइलीत असे आणि ‘एलडीडी’ने प्रोग्रामची जोडणी पाहिली की तिची ओळ दिसे. 2.34 मध्ये तिचा सगळा मजकूर मुख्य सी लायब्ररीत सामावून घेतला गेला; जुन्या नावाची फाइल केवळ जुन्या प्रोग्रामांच्या समाधानासाठी, जवळपास रिकामी, राहिली. उबंटू 20.04 मध्ये ग्लिबसी 2.31 आहे, 22.04 मध्ये 2.35. त्यामुळे 20.04 वर शिकलेला माणूस 22.04 वर नव्याने बांधलेल्या प्रोग्रामला ‘एलडीडी’ लावतो, ‘लिबपीथ्रेड’ दिसत नाही, आणि प्रोग्राम एकाच थ्रेडचा आहे असा निष्कर्ष काढतो. साफ चुकीचा निष्कर्ष. उलट बाजूची अडचण याहून नेहमीची आहे: 22.04 वर बांधलेला प्रोग्राम 20.04 वर नेला की ‘ग्लिबसी_2.34 सापडत नाही’ म्हणून तो सुरूच होत नाही. थ्रेड तयार करणाऱ्या फंक्शनच्या चिन्हावर विलीनीकरणानंतर तोच आकडा बसला आहे, हे त्यामागचे एक कारण. ज्या संस्थांत वेगवेगळ्या वर्षी घेतलेली यंत्रे वेगवेगळ्या उबंटूंवर एकत्र नांदतात, तिथे ही अडचण येतेच, आणि सरकारी खरेदीची रीत पाहता अशा संस्था आपल्याकडे कमी नाहीत.

मग आकडा पाहिला की झाले? तेही नाही, आणि माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार हाच आहे. वितरणे चालवणारे लोक वरच्या आवृत्तीतली दुरुस्ती आपल्या जुन्या आवृत्तीत मागून बसवतात आणि मूळ आकडा तसाच ठेवतात. रेड हॅट 9 मध्ये कर्नलच्या बाबतीत जे झाले, तेच आज ग्लिबसीच्या बाबतीत होते. म्हणून 2.35 या आकड्याने दुरुस्ती आहे की नाही हे ठरत नाही. पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि त्याची बदलनोंद पाहावी लागते. समजा, तीही पाहिली आणि दुरुस्त पॅकेज बसलेले आढळले. तरी प्रश्न उरतोच, कारण पॅकेज बदलते ती डिस्कवरची फाइल. पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेला डेटाबेस स्मृतीत घेतलेल्या जुन्या लायब्ररीवरच चालत राहतो, पुन्हा सुरू करेपर्यंत. ‘गेटकॉन्फ’ मात्र दर वेळी नव्याने सुरू होतो, म्हणून तो नव्या फाइलीचे उत्तर देतो. यंत्र म्हणते दुरुस्ती झाली, अडकलेली प्रोसेस जुन्याच दोषासह बसलेली. हे पकडायचे तर ‘/प्रॉक’खाली त्या प्रोसेसच्या क्रमांकाची निर्देशिका उघडून ‘मॅप्स’ ही फाइल वाचावी. त्या प्रोसेसने स्मृतीत नेमके काय घेतले आहे हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते, आणि फाइल डिस्कवरून बदलली गेली असेल तर तिच्या नावापुढे ‘डिलीटेड’ असा शेराही असतो. एकाच गोष्टीवर थांबायचे असेल, तर मी ही फाइल वाचेन.

ग्लिबसीच्या बाहेर पडले की ‘गेटकॉन्फ’चा आधार पुरताच सुटतो. कंटेनरमध्ये सर्रास दिसणारे अल्पाइन लिनक्स 2014 पासून मसल या सी लायब्ररीवर आहे. तिथे थ्रेड मसलचे, एनपीटीएलचे नव्हेत, आणि हा फरक केवळ नावाचा नाही. ग्लिबसीत थ्रेडच्या स्टॅकला साधारणपणे 8 एमबी मिळतात, मसलमध्ये ठरलेला आकार 128 केबी. खोल पुनरावर्तन करणारा जो प्रोग्राम उबंटूवर सुखाने चालतो, तो अल्पाइनच्या कंटेनरात मान टाकू शकतो. कंटेनर यजमान यंत्राचेच कर्नल वापरतो, मग लायब्ररीही तीच असणार, हा समज मी चांगल्या अनुभवी लोकांच्या लेखनातही पाहिला आहे. कर्नल एक असते हे खरे. लायब्ररी कंटेनर आपली घेऊन येतो. हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नल आहे, पण थ्रेड बायोनिकचे, आणि दुसऱ्या थ्रेडला रद्द करण्याचे पॉझिक्सचे फंक्शन तिथे दिलेलेच नाही. गो भाषेतला शुद्ध गो-प्रोग्राम तर कोणत्याच पीथ्रेड लायब्ररीला न विचारता थेट कर्नलकडून थ्रेड घेतो. परिणाम असा, की वापरकर्ता-ओळख बदलण्याची जी तडजोड ग्लिबसी सगळ्या थ्रेडना आतल्या आत निरोप पाठवून करते (कर्नलमध्ये ही ओळख आजही थ्रेडगणिक आहे), ती गोला मिळाली नाही, म्हणून 1.4 आवृत्तीत ती सोय बंद करावी लागली आणि 1.16 मध्ये स्वतःची व्यवस्था करून परत आणली. शिवाय गोच्या हलक्या थ्रेडचे वाटप पुन्हा अनेकांचे थोड्यांवर, आणि 2023 मध्ये जावा 21 ने आणलेले आभासी थ्रेडही त्याच वळणाचे. 2003 मध्ये एनजीपीटी हरली, पण तिच्यामागची कल्पना लायब्ररीतून उठून भाषेच्या रनटाइममध्ये जाऊन बसली. तेव्हा अशा प्रोग्रामबाबत ‘कोणती थ्रेडिंग लायब्ररी’ या प्रश्नाला एक नव्हे, दोन थरांचे उत्तर द्यावे लागते.

काही जण म्हणतील, एवढे खोलात कशाला, ‘पीएस’मध्ये ओळी मोजा. लिनक्सथ्रेड्सच्या काळात ही युक्ती चाले, कारण तेव्हा प्रत्येक थ्रेड वेगळ्या ओळीत दिसे. आज ती दिशाभूल करते. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीला खरीखुरी वेगळी प्रोसेस देतो, म्हणून त्याच्या ओळी अनेक. मारियाडीबी एकाच प्रोसेसमध्ये प्रत्येक जोडणीला साधारण एक थ्रेड देतो, म्हणून ओळ एक. थ्रेड पाहायचे तर ‘पीएस’ला मोठ्या ‘एल’चा पर्याय द्यावा, नाहीतर त्या प्रोसेसखालची ‘टास्क’ निर्देशिका उघडावी. त्यातून थ्रेड किती हे कळेल. लायब्ररी कोणती, हे त्यातूनही कळणार नाही.

उरतो सर्वांत व्यवहारी आक्षेप: न्यायालयातल्या लिपिकाला किंवा कार्यालयातल्या साध्या वापरकर्त्याला याचे काय? काहीच नाही, आणि तसेच असले पाहिजे. ज्याला रोजची कार्यसूची छापायची आहे त्याला फ्युटेक्स ठाऊक असण्याची अपेक्षा करणे हा चावटपणा होईल. पण त्याच्या यंत्राची देखभाल करणाऱ्याला, आणि त्या जागी उद्या जाणार असलेल्या विद्यार्थ्याला, हे ठाऊक असणे गरजेचे आहे. सर्व्हर पुन्हा सुरू केला, चालू लागला, फाइल बंद, हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपचार. पुन्हा सुरू केल्याने जुनी लायब्ररी सुटते म्हणून तो कधी कधी खरोखरच लागू पडतो. पण का लागू पडला याची नोंद राहत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच खेळ दुसऱ्या यंत्रावर होतो. म्हणून व्हीएनआयटीपासून नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रात्यक्षिक घेणाऱ्या अध्यापकांना एक विनंती. ‘गेटकॉन्फ’ची ओळ वहीत लिहून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण त्याच तासात विद्यार्थ्यांना एक प्रोग्राम ग्लिबसीवर, एक अल्पाइनच्या कंटेनरात आणि एक गोमध्ये चालवायला लावा, आणि तिन्हींच्या ‘मॅप्स’ फाइली शेजारी ठेवून वाचून घ्या. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी अडकलेली प्रोसेस मारण्याआधी तिची ‘मॅप्स’ फाइल, पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि प्रोसेस सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवावी. प्रोसेस गेली की यांतली पहिली नोंद परत मिळत नाही.